वत्सला, सुरेखा, शशिरेखा



बलरामाला एक मुलगी होती. तिचं लग्न अभिमन्यूशी ठरलं होतं. पांडवांचं राज्य गेलं, ते वनवासाला लागले आणि बलरामाच्या घरचा कल फिरला. मुलगी दुर्योधनाच्या लक्ष्मणाला द्यायची असं ठरलं. मग घटोत्कच आला. त्यानं खऱ्या नवरीला उचलून अभिमन्यूकडे पोचवलं आणि स्वतः तिचं रूप घेऊन कौरवांच्या लग्नघरात धुमाकूळ घातला. मराठी घरांत ही मुलगी वत्सला. बाबूराव पेंटरांनी 1921 साली कोल्हापुरात तिच्यावर मूकपट काढला, तेव्हा ती सुरेखा झाली. याच ‘सुरेखाहरण’मधून व्ही. शांताराम पडद्यावर आले. 1957 च्या तेलुगू ‘मायाबझार’मध्ये ती शशिरेखा, आणि एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच हैदराबादेत अजूनही घरातल्या माणसासारखा ओळखीचा. त्याच शहरातल्या काचीगुड्यातल्या मराठी मुलांना ती आजीकडून एका नावानं भेटते, शेजारच्या टीव्हीवर दुसऱ्या.

व्यासांच्या महाभारतात मात्र ती नाही.

पुराणकथा आणि कथाकथनाच्या ऑनलाइन वर्गात हे कळलं की विद्यार्थी हिरमुसतात. मग खरी गोष्ट कोणती, हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर शोधायला एका संस्थेनं जवळजवळ अर्धं शतक दिलं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 मध्ये सुरू केलं. विष्णु सीताराम सुकथनकर 1925 पासून त्याचे प्रमुख संपादक होते. त्यांचं 1943 मध्ये निधन झालं आणि काम पुरं झालं ते 1966 मध्ये. शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली 1,259 हस्तलिखितं त्यासाठी धुंडाळली गेली. या पंडितांची एक गोष्ट फार मोलाची. मूळ संहितेत न बसलेले श्लोक त्यांनी फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते सगळे छापले, कोणता श्लोक कोणत्या पोथीत सापडला याच्या नोंदीसकट.

कथा सांगणाऱ्यानं एवढंच इमान पाळावं. आपण व्यासांची सांगतोय, मोरोपंतांची, की आजीची, हे आधी सांगून टाकावं आणि मग मोकळेपणानं सांगावी. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’ लिहिताना याच चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला आणि गांधारी, कुंती, द्रौपदी यांना माणसं म्हणून न्याहाळलं. त्या पुस्तकाला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण सगळ्यांनीच इरावतीबाईंच्या वाटेनं जायला हवं असं नाही.

दुसरी वाट तर हैदराबादेतूनच निघते. डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवत. विचारवंत नरहर कुरुंदकरांचे हे मामा. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा अभ्यास केलेला हा विद्वान जात्यावरच्या ओव्यांकडे वळला आणि त्यातून ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ हे पुस्तक उभं राहिलं. दळणाऱ्या बायकांच्या रामकथेत युद्धापेक्षा सीतेचा वनवास मोठा असतो. लंका जिंकली कशी, याचं तिथं फारसं कौतुक नाही. दिवस गेलेल्या बाईला घराबाहेर काढलं, तिचं बाळंतपण रानात कोणी केलं, याची चौकशी अधिक. पंडितानं ही चौकशी रामकथा म्हणून ग्रंथात घेतली, हे धाडसच होतं.

या ओव्या काचीगुड्यापासून दूर नाहीत. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. 1916 साली बांधलेलं काचीगुडा स्थानक निजामाच्या रेल्वेचं मुख्य ठाणं, आणि मनमाडकडून येणाऱ्या गाडीनं जालना, परभणी, नांदेडची माणसं शिकायला, नोकरीला, लग्न होऊन या शहरात येत राहिली. गाठोड्यात काय काय आलं याची मोजदाद कोणी ठेवली नाही, पण कथा त्यात नक्की होत्या.

आता ऑनलाइन वर्गाची अडचण. माइक बंद ठेवायचा नियम, त्यामुळे सांगणाऱ्याला हुंकारा मिळत नाही. हुंकाऱ्याशिवाय गोष्ट सांगणं म्हणजे शिक्षाच. कीर्तनकार श्रोत्यांकडून मध्येच विठ्ठलाचा गजर करून घेतो तो उगीच नव्हे. तरीही चौकटीतून कथा सांगणं अगदीच नवं नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगत आले. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेलंगणातल्या चेरियालची लांबलचक पटचित्रंही अशीच, कथेबरोबर उलगडत जाणारी. शिवाय घरी बसून शिकणाऱ्याला एक सोय आहे, जी वर्गात बसणाऱ्याला नाही: जिला विचारायचं ती बाई शेजारच्या खोलीत असते.

नांदापूरकरांच्या काळी ओवी लिहून घ्यावी लागे. आज जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावरच्या प्रकल्पात जमा आहेत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी त्या गावोगाव फिरून गोळा करायला सुरुवात केली होती. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही दिसतं. कथाकथनाच्या या वर्गातून आज पदवी घेणाऱ्यांनी सुट्टीत तेवढं एक काम करावं. आजीची, आत्याची परवानगी घेऊन फोन समोर ठेवावा, तिला मध्येच दुरुस्त करू नये, आणि नोंदीत सासरच्या गावाबरोबर माहेरचंही गाव लिहावं.