डॅशबोर्डमागचा कारभारी



पावसाळा लागला की मुंबईत अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या गॅरेजांत एकाच जातीच्या तक्रारी येऊ लागतात. चावी काढली तरी वायपर फिरतोय. इंडिकेटर भलताच लागतोय. रात्री दारांची कुलुपं आपोआप उघडबंद झाली आणि सकाळी बॅटरी उतरलेली. मालक म्हणतो, ‘ईसीएम गेला.’ पण ईसीएमचं काम इंजिन सांभाळण्याचं. दिवे, वायपर, हॉर्न, काचा, दारांची कुलुपं, बऱ्याच गाड्यांत चावीची ओळखसुद्धा, हा सगळा कारभार वेगळ्या पेटीकडे असतो. तिचं नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम.

कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत असली पेटी नव्हती. आजच्या गाडीत बटण फक्त निरोप देतं. वीज सोडायची की नाही, ते बीसीएम ठरवतो आणि दोन पिळलेल्या तारांवरून इतर पेट्यांशी बोलतो. ही ‘कॅन’ पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली.

बीसीएम बहुधा डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या बाजूला किंवा शेजारच्या प्रवाशाच्या पायाजवळ पॅनेलमागे असतो. काही गाड्यांत फ्यूज बॉक्सलाच जोडलेला. पण नुसत्या जागेवरून खात्री धरू नका. स्कॅनर लावला की बीसीएमचं नाव इंजिनापासून वेगळं दिसतं, आणि पेटीवरच्या स्टिकरवर पार्ट नंबर असतो. तो पुरता जुळवा. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या गाडीत वेगवेगळ्या पेट्या असू शकतात. कुर्ल्याच्या बाजारातून जुनी पेटी आणली, तर तिच्यात दुसऱ्या गाडीच्या चाव्यांची नोंद असण्याची शक्यता आहे. तशी ती बसवली तर तुमची गाडी कदाचित सुरूही होणार नाही.

आणि पेटी बदलण्याची घाई तर मुळीच नको. बॅटरी, फ्यूज, अर्थिंग, कपलरमधला हिरवा गंज, हे आधी बघायला सांगा. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन बॅटरीची तार काढून, स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर धरतो. कॅनच्या तारा तिथे आणलेल्या असतील, तर सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर बहुधा तारेचं एक टोक तुटलेलं आहे, आणि मग लगेच पेटीला दोष देण्यात अर्थ नाही.

पाणी फक्त अंधेरी सबवेतच शिरतं असं नाही. सोसायटीत झाडाखाली गाडी असेल तर वायपरच्या मुळाशी असलेल्या जाळीत पानं साचतात, निचरा तुंबतो आणि पाणी आत, पायांजवळ झिरपतं. महिन्याभराने पेटी दगा देते. जूनच्या आधी ती जाळी साफ करायला पाच मिनिटं पुरतात. मला तर हे दर वर्षी ओरडून सांगावंसं वाटतं.

कारण या पेटीच्या हाती काचा आणि कुलुपं आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी या शहरात माणसं बंद गाड्यांत अडकून गुदमरून गेली. कुलूप उघडलं तरी दार उघडेलच असं नसतं. दाराच्या तळापासून अर्धा मीटर पाणी चढलं आणि गाडी आतून कोरडी असली, तर मीटरभर रुंद दारावर बाहेरून सुमारे सव्वाशे किलोचा भार असतो. म्हणून पाण्यात गाडी अडकली तर पहिल्यांदा पट्टा सोडा आणि बटण चालतंय तोवर काच खाली घ्या. दाराशी झटापट करत बसू नका. काच फोडायची हातोडी डिक्कीत नको, हाताशी हवी. समोरची काच दोन थरांची असते, ती फुटून वाट होत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घाला आणि आधी मुलांना बाहेर काढा.