नकाशा आणि पडद्याचे माप

अहिल्यानगर जिल्ह्याच्या १४ तालुक्यांचा नकाशा एसव्हीजी पद्धतीने रेखाटला, तर तो कितीही मोठा केला तरी रेषा अस्पष्ट होत नाहीत. परंतु वेबपृष्ठ करताना त्याची रुंदी १२०० पिक्सेल अशी कायम राहिली, तर पालकांच्या मोबाईलवर पश्चिमेचे अकोले दिसते आणि आग्नेयेचे जामखेड पडद्याबाहेर राहते. जामखेडच्या मुलाला स्वतःचाच तालुका सापडत नाही.

याकरिता शिक्षकाने फाइलमधील व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राची मूळ चौकट, कायम ठेवावी. ती नसल्यास चित्र लहान न होता कापले जाते. ठराविक मापे मात्र काढून रुंदी १०० टक्के करावी व उंची आपोआप ठरू द्यावी. पाठ पाठविण्यापूर्वी तो लहान मोबाईलवर एकदा अवश्य पाहावा.