चोरही माणसात, डिटेक्टिव्हही माणसात: हॅल क्लेमेंट यांची 'नीडल'

आज एका जुन्या इंग्रजी कादंबरीबद्दल बोलायचंय. हॅल क्लेमेंट यांची 'नीडल', पुस्तकरूपात आली १९५० साली. गवताच्या गंजीत हरवलेली सुई असते ना, तीच ही सुई. गुन्हेगार कोण हे मी सांगणार नाही, निर्धास्त ऐका.

त्या काळी 'अस्टाउंडिंग' मासिकाचे संपादक होते जॉन कॅम्पबेल. विज्ञानकथा आणि रहस्यकथा यांचं एकमेकींशी जमायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. ते काही अगदीच बिनबुडाचं नव्हतं. रहस्यकथेत वाचकही तपास करत असतो, पुरावे त्याच्याही समोर हवेत. शेवटच्या प्रकरणात डिटेक्टिव्हने खिशातून एखादं अजब यंत्र काढलं आणि खुनी दाखवला, तर वाचक म्हणणार, अहो, ही फसवणूक आहे! त्यात परग्रहवासी आणला तर विचारायलाच नको. त्याला काय येतं आणि काय नाही, हे लेखकच ठरवणार.

क्लेमेंट यांनी वाद न घालता कादंबरी लिहिली. पेशाने ते विज्ञानाचे शिक्षक, आणि ते जाणवतं. सवाल घालण्याआधी ते सगळं 'दिलेलं' फळ्यावर लिहून टाकतात.

त्यांचा हंटर म्हणजे साधारण चार पौंडांचा जेलीसारखा जीव. स्वतःच्या बळावर फार काही करू शकत नाही, दुसऱ्याच्या शरीरात राहतो. मोबदल्यात त्या शरीराची काळजी घेतो, रक्त थांबवतो, जंतूंशी लढतो. फरारी गुन्हेगाराचा पाठलाग करताना दोघांचीही यानं पॅसिफिकमधल्या एका बेटाजवळ कोसळतात. किनाऱ्यावर बॉब नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा झोपलाय. हंटर त्याच्यात शिरतो, आणि बॉब लवकरच विमानाने थेट अमेरिकेतल्या बोर्डिंग शाळेत! बेट मागे, गुन्हेगारही मागे.

आपल्याकडे हे ऐकलं की 'अंगात आलं' किंवा 'झपाटलं' असंच म्हणतील. पण इथे उलटं आहे. आत शिरलेलाच बिचारा अडचणीत आहे. त्याला बॉबशी बोलायचंय, आणि मुलगा घाबरता कामा नये. शेवटी तो बॉबच्या डोळ्यातच सावलीने अक्षरं उमटवतो. मला हा भाग फार आवडतो. हंटरच्या लोकांचा कायदा आहे की ज्याच्या शरीरात राहता त्याला इजा करायची नाही. फरारी नेमका हाच कायदा मानत नाही. म्हणजे चोर आणि पोलीस यांच्यातला फरक ताकदीचा नाहीच, दोघांना येतं तेच येतं.

मग दोघं बेटावर परततात आणि खरा तपास सुरू होतो. फरारी कुणाच्याही आत असू शकतो, बॉबच्या मित्रांच्यासुद्धा. आता नियम आठवा. कुणाला खरचटलं? रक्त किती आलं? कुणाला ताप आला? एरवी रहस्यकथेत आपण घामाघूम, भेदरलेल्या माणसावर संशय घेतो. इथे तापाने फणफणलेला माणूस बहुधा निर्दोष, आणि ठणठणीत असलेल्याकडे बघायचं! अर्थात फरारी हुशार असेल तर मुद्दाम मदत करणार नाही, हेही आहेच.

गुन्हेगार कळल्यावर मी मागची पानं उलटून पाहिली. पुरावे तिथेच होते हो, उघड्यावर.

उणिवा आहेत. संवाद कोरडे, मधली काही पानं रेंगाळतात, आणि बायका जवळजवळ नाहीतच. बॉबची आई आहे, तीही थोडीशीच. हे पुस्तक माणसांच्या मनात फार खोल जात नाही. त्यांच्या रक्तात मात्र जातं.

पुढची कथा क्लेमेंट यांनी १९७८ साली लिहिली, 'थ्रू द आय ऑफ अ नीडल'. त्यात बॉब मोठा झालाय आणि हंटर अजून त्याच्याच शरीरात आहे. इतकी वर्षं एकाने दुसऱ्याच्या आत राहायचं म्हणजे त्या शरीरावर काय परिणाम होतो, हा तिथला प्रश्न. पण ते पुस्तक पहिलं वाचून झाल्यावरच हातात घ्या.