हलके शिलाई मशीन निवडताना
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पेरणी यंत्र घेताना आपण आधी जमीन पाहतो. तसेच शिलाई मशीन घेताना आधी कापड पाहावे. अभ्रे, परकर, पडदे आणि कपड्यांची दुरुस्ती एवढेच काम असेल तर ५ ते ७ किलो वजनाचे विजेवरचे मशीन पुरते. काम झाले की उचलून कपाटात ठेवता येते. त्यावर सरळ टाका आणि कड उसवू नये म्हणून झिगझॅग टाका असावा.

घरात जी शिवणार आहे तिलाच दुकानात न्या. घरचे कापड सोबत घ्या. आधी दोन, मग चार पदर शिवून पाहा. टाके सुटत असतील तर ते मशीन घेऊ नका. पातळ सुती कापडाला ११, मध्यम कापडाला १४ व जाड कापडाला १६ नंबरची सुई वापरावी. सुया, बॉबिन आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावी मिळते का, याची चौकशी करूनच पैसे द्यावेत.

या मशीनवर धान्याची पोती मात्र शिवू नका. गोणपाटात सुई वाकते, आतल्या हूकला लागते आणि मशीन बिघडते. पोत्यांसाठी दाभण-सुतळी किंवा पोती शिवण्याचे वेगळे यंत्र वापरावे. वीज वारंवार जात असेल तर पायाचे मशीनच बरे.