रानपिंगळ्याची साक्ष



अमळनेरहून तापी ओलांडून चोपड्याकडे निघाले की समोर सातपुड्याची निळी रांग उभी राहते. याच रांगेच्या पश्चिमेकडील पायथ्याशी, शहाद्याच्या परिसरात, २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी निष्पर्ण झाडावर एक लहानसे घुबड उन्हात बसलेले आढळले. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन अभ्यासकांनी त्याचे चित्रण केले. मस्तकावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर ठळक पट्टे, उदर शुभ्र. तो रानपिंगळा होता! १८८४ नंतर त्याची एकही खात्रीची नोंद नव्हती. सातपुड्यातील वनवासी बांधवांच्या नजरेस तो पडतही असेल. पण त्यांना विचारले कोणी?

या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन ह्यूमने १८७३ मध्ये केले. पुढे खानदेशात नेमणुकीस असलेल्या डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने काही नमुने टिपले. टिपले म्हणजे बंदुकीने. त्या काळी पक्षी सिद्ध करायचा तर तो मारावा लागे. त्यातील एक नमुना मेनर्टझागेन नावाच्या संग्राहकाने लंडनच्या संग्रहालयातून लंपास केला, नव्याने भरला आणि त्यावर ‘मांडवी, १९१४’ अशी बनावट चिठ्ठी अडकविली. त्या एका असत्याने शोधकांना गुजरातेत फिरविले. चिठ्ठी खोटी असल्याचे उमगले, तेव्हा पावले पुन्हा खानदेशाकडे वळली.

१९९७ चे छायाचित्र मोलाचे आहे ते यासाठी. पक्षी मेला नाही आणि साक्ष मात्र मिळाली. त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पाहणी केली. तोरणमाळ, मेळघाट, यावल येथे रानपिंगळा सापडत गेला. २०१८ मध्ये जागतिक सूचीतील त्याचा धोका एका पायरीने कमी ठरविण्यात आला. ठिकाणे अधिक सापडली म्हणून. जंगल वाढले म्हणून नव्हे.

आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे, आणि चिंता तेथेच सुरू होते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला पुन्हा पुन्हा जवळ बोलावणे, ढोलीसमोरची फांदी छाटणे, घरट्याचा नेमका पत्ता चारचौघांत जाहीर करणे, हे प्रकार बंदुकीहून फारसे सौम्य नाहीत. नोंद अचूक ठेवावी, ती अभ्यासकांना व वनखात्याला द्यावी. घरट्याची जागा मात्र गुप्त राखावी. चिठ्ठीवर असत्य लिहिणे वेगळे आणि सत्य जपून ठेवणे वेगळे.

आणखी एक. केवळ पक्ष्याचा देखणा चेहरा टिपणे हे अर्धेच काम होय. रानपिंगळा घर करतो झाडाच्या ढोलीत. आणि सरपणासाठी कुऱ्हाड चालते ती बहुधा जुन्या, वाळलेल्या खोडावर. त्या ढोलीचे, त्या खोडाचे चित्र हवे. लक्ष्मीचे वाहन म्हणून आपण घुबडाला चित्रात पूजतो आणि दारावर त्याचा आवाज ऐकला की अपशकुन मानतो. दिवसाउजेडी उन्हात बसून सरडे व उंदीर टिपणारे हे घुबड मुलांनी एकदा डोळे भरून पाहिले, तर आजीच्या धाकाला त्यांच्याजवळ उत्तर असेल.

यावल अभयारण्य १९६९ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथील छायाचित्रांचे पहिले प्रदर्शन पुण्या-मुंबईत कशाला? ते सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांत भरावे, नंतर अमळनेरच्या शाळांत यावे. आणि चित्रांखाली ती दाखविणाऱ्या वाटाड्याचेही नाव असावे.