आधी त्या बाटलीत काय होतं?

व्यासपीठावरील मान्यवर, देशभरातून आलेले रसायनतज्ज्ञ, पुनर्चक्रण उद्योजक आणि पहिल्या रांगेत बसलेल्या कचरावेचक भगिनींनो,

स्वागताध्यक्ष या नात्याने पुण्यात आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली याच शहरात उभी राहिली. पहिल्या रांगेचा मान आम्ही या भगिनींना दिला, तो उपचार म्हणून नव्हे. बाटली प्रयोगशाळेत पोचण्याआधी यांच्या हातांतून जाते.

केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी टणक प्लॅस्टिक वेष्टनांत पुनर्चक्रित प्लॅस्टिकचं उद्दिष्ट ठरवून दिलं: २०२५-२६ साठी ३० टक्के, २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. यातलं काही प्लॅस्टिक आपल्या पाण्याला, अन्नाला लागणार. म्हणून विचारायला हवं, की आधी त्या बाटलीत काय होतं?

आपल्याकडे रिकामी बाटली लगेच टाकली जात नाही. तिच्यात फिनेल भरतात, थिनर भरतात, फवारणीचं औषधसुद्धा. बाटलीचं पेट प्लॅस्टिक त्यातलं थोडं शोषून घेतं आणि नुसत्या धुण्याने ते सगळं निघत नाही. म्हणून पुनर्चक्रणाची पद्धत पारखताना बाटल्यांचा चुरा मुद्दाम टोल्यूईन, क्लोरोबेंझिन, बेंझोफेनोन अशा द्रव्यांनी दूषित करतात, संपूर्ण प्रक्रियेतून काढतात आणि मागे किती उरलं ते मोजतात. दोनशे अंशांच्या आसपास निर्वातात काही तास तापवलं, की बरंचसं निघून जातं. पण बरंचसं म्हणजे सगळं नव्हे. वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची आपली मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. कीटकनाशक याच्या हजाराव्या हिश्श्याइतकं उतरलं, तरी एकूण द्रव्यं मोजणारी चाचणी त्याला पकडणार नाही. त्यासाठी प्रत्येक द्रव्य वेगळं ओळखावं लागतं.

युरोपात चुऱ्यातलं संभाव्य दूषण किलोमागे ३ मिलिग्रॅम धरतात. त्यामागे १२ देशांतल्या ६८९ नमुन्यांची पाहणी आहे. तिथल्या घरांत बाटली जशी वापरतात, त्यावरून तो आकडा आला. तो आपण उसना घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातली, धारावीतली, विदर्भातल्या कापूसगावातली बाटली तपासूनच आपला आकडा ठरावा.

नमुने कुठून आणि कसे घ्यायचे, याचा आराखडा दुपारच्या सत्रात करायचा आहे. उद्या सकाळी सातला वर्गीकरण केंद्राकडे गाडी निघेल. तिथलं काम या भगिनीच आपल्याला समजावून सांगतील. कृपया सर्वांनी यावं.