जनुकांवरचे पहारेकरी

(चेणे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी विज्ञानाचा पदवीधर नाही. बी. ए., बी. एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. तरीही आज प्रथिनांवर बोलायला उभा राहिलो, याला कारण एका विद्यार्थ्याचा प्रश्न. बदली तासाला मी नववीच्या वर्गावर गेलो होतो. एका मुलाने विचारले, "सर, शरीरातल्या सगळ्या पेशींत तीच जनुके असतात ना? मग डोळ्यात केस का उगवत नाहीत?" वर्ग हसला, मीही हसलो. पण उत्तर मला येत नव्हते. "उद्या सांगतो," असे म्हणालो आणि तो 'उद्या' उजाडायला दोन महिने लागले. त्या मुलाच्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया आहे आणि दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, हे मला नंतर कळले. म्हणजे प्रश्न वाटला तितका गमतीचा नव्हता.

प्रथम जनुक म्हणजे काय ते पाहू. आपल्या पेशींच्या केंद्रकात डीएनएचे लांबलचक धागे असतात. त्या धाग्याच्या ठराविक तुकड्यावर एखादे प्रथिन कसे बनवायचे याची कृती लिहिलेली असते. तो तुकडा म्हणजे जनुक. माणसात प्रथिनांच्या कृती असलेली सुमारे वीस हजार जनुके आहेत. हा सगळा ग्रंथ डोळ्याच्या पेशीतही असतो आणि त्वचेच्या पेशीतही. फरक इतकाच, की डोळ्याच्या पेशीत काही पाने उघडी असतात आणि बाकीची मिटलेली. मग पाने उघडतो आणि मिटतो कोण? हे काम करणारीही प्रथिनेच आहेत. त्यांना नियामक प्रथिने म्हणतात. माणसाच्या शरीरात अशी सुमारे सोळाशे प्रथिने असावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

हा शोध माणसात नव्हे, आतड्यातल्या एका सूक्ष्म जिवाणूत लागला. या जिवाणूला दुधातली साखर मिळाली तरच तो ती पचवणारी विकरे बनवतो, नाही तर बनवत नाही. हे त्याला कळते कसे? पॅरिसमधील फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली याचे उत्तर मांडले आणि १९६५ साली त्यांना, आंद्रे ल्वॉफ यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे, की त्या जनुकांच्या तोंडाशीच एक पहारेकरी बसलेला असतो. पुढे १९६६ साली अमेरिकेत वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्यूलर-हिल यांनी तो पहारेकरी प्रत्यक्ष वेगळा काढून दाखवला. तो निघाला एक प्रथिन. एका जिवाणूत त्याचे जेमतेम दहा-वीस रेणू असतात.

आपल्या गायमुखच्या घाटात हवालदाराने आडवा दांडा टाकला की मालाचे ट्रक पलीकडे जात नाहीत. तसेच हे. जनुकाची नक्कल काढणारे यंत्र डीएनएवरून पुढे सरकत असते. पहारेकरी वाटेत बसला की ते अडते. दुधातली साखर पेशीत आली, की तिच्यापासून झालेला एक रेणू पहारेकऱ्याला चिकटतो. त्यासरशी त्याचा आकार बदलतो, डीएनएवरची पकड सुटते आणि वाट मोकळी होते.

'आकार बदलतो' हे शब्द विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावेत, कारण प्रथिनाचे सारे काम त्याच्या आकारावर चालते. अमायनो आम्लांची माळ विशिष्ट तऱ्हेने दुमडते आणि प्रथिन तयार होते. डीएनए हा पिळाच्या जिन्यासारखा असून त्याच्या अंगाला खाच असते. वर सांगितलेल्या पहारेकरी प्रथिनाचा एक छोटा पीळदार भाग त्या खाचेत नेमका बसतो आणि तिथली अक्षरे जणू बोटांनी चाचपून वाचतो. काही प्रथिनांना तर शास्त्रज्ञांनी 'जस्ताची बोटे' असेच नाव दिले आहे. सुमारे तीस अमायनो आम्लांचा एक वळसा जस्ताच्या एका अणूभोवती घट्ट धरलेला असतो. त्याचे एक बोट होते. केंब्रिजच्या आरॉन क्लूग यांच्या प्रयोगशाळेने १९८५ साली बेडकाच्या एका प्रथिनात ही बोटे ओळखली. कुलूप एक आणि किल्ली एक. दुसरीकडे ती किल्ली लागत नाही.

आता आपल्या मुलांच्या रक्ताकडे वळू. रक्ताचा लाल रंग ज्या हिमोग्लोबिनमुळे येतो, त्यात दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीचे जनुक बिघडले आणि ती साखळी पुरेशी बनली नाही, तर थॅलेसेमिया होतो. त्याच साखळीत सहाव्या जागी एका अमायनो आम्लाऐवजी दुसरे आले, तर सिकलसेल होतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. आपल्या महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या भागांतील आदिवासी समाजात आणि विदर्भातल्या इतर काही समाजांतही हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो.

परंतु एक चमत्कारिक गोष्ट पाहा. ही मुले जन्मतः ठणठणीत असतात. आजार साधारण सहाव्या महिन्यानंतर डोके वर काढतो. असे का? १९४८ साली जॅनेट वॉटसन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याचा अंदाज बांधला. आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर गॅमाचे जनुक हळूहळू मिटते आणि बीटाचे उघडते. गॅमा साखळीत काहीच दोष नसतो. म्हणजे उपाय त्या मुलाच्या स्वतःच्या पेशीत असतो, फक्त त्याच्यावर पहारा बसलेला असतो!

तो पहारेकरी २००८ साली सापडला. त्याचे नाव बीसीएल-११-ए. जस्ताची बोटे असलेले हे प्रथिन गॅमा जनुकाच्या तोंडाशी बसून ते बंद ठेवते. मग त्याला हाकलून का देऊ नये? अडचण अशी, की मेंदूच्या आणि इतर काही पेशींना त्याची गरज असते. पण २०१३ साली कळले, की रक्त बनवणाऱ्या पेशींत या पहारेकऱ्याला कामावर बोलावणारी कळ वेगळी आहे. तेवढीच कळ तोडायची. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी काढून, ती कळ कापून, पेशी परत त्यालाच द्यायच्या. २०१९ साली अमेरिकेतील व्हिक्टोरिया ग्रे या सिकलसेलच्या रुग्ण महिलेवर असा उपचार झाला. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांनी त्याला मान्यता दिली. बिघडलेल्या बीटा जनुकाला हातही लावलेला नाही. नुसता एक पहारेकरी उठवला!

पालकहो, हे ऐकून आशा वाटते. पण खोटी आशा मी देणार नाही. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. शिवाय त्याआधी जड औषधे देऊन जुनी मज्जा नष्ट करावी लागते. आपल्या आवाक्यातले उपाय दुसरे आहेत. हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध मोठ्या माणसातही गॅमा जनुक थोडेफार जागे करते आणि सिकलसेलच्या रुग्णांना त्याचा चांगला उपयोग होतो. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे.

आणि सर्वात स्वस्त उपाय म्हणजे लग्नाआधीची रक्ततपासणी. भारतात शंभरात सुमारे तीन-चार माणसे थॅलेसेमियाची वाहक आहेत. वाहक स्वतः निरोगी असतो, त्याला काहीच जाणवत नाही. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल जन्मण्याची शक्यता चारात एक असते. 'पहिले आजारी झाले, आता पुढची तीन सुटली' असा हिशेब कृपा करून कोणी करू नये. निसर्ग दर वेळी नव्याने चिठ्ठी काढतो. आतेभावंडे-मामेभावंडे यांची लग्ने आपल्याकडे होतात, महाराष्ट्रातल्या इतर अनेक समाजांतही होतात. एकाच घराण्यात दोघे वाहक निघण्याचा संभव अधिक, म्हणून तिथे तपासणीची निकड अधिक. तपासणीचे नाव 'एचपीएलसी'. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तेथे अशा रक्तविकारांवर वर्षानुवर्षे काम चालले आहे. सिकलसेलसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय मोहीमही १ जुलै २०२३ पासून सुरू झाली.

मुलीचा रिपोर्ट 'वाहक' आला, तर तो कपाटात लपवू नका. वाहक असणे हा दोष नाही, कलंक तर मुळीच नाही. वाहकाने वाहक नसलेल्या जोडीदाराशी लग्न केले, तर त्यांच्या मुलाला हा मोठा आजार होत नाही. आणि ही तपासणी मुलीपुरती नाही, मुलाचीही तितकीच आहे.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी उत्तर दिले. "बाळा, डोळ्यातही केसांची जनुके आहेत, पण तिथे ती मिटलेली असतात." त्याने लगेच विचारले, "मग भावाचे गॅमा उघडता येईल?" मी म्हणालो, "उघडता येते, हे सिद्ध झाले आहे. ते स्वस्तात कसे उघडायचे, हे कोणीतरी शोधायचे बाकी आहे." तो आता विज्ञान शाखेला जायचे म्हणतो.

पालकहो, अशा मुलांना अर्ध्या वाटेत थांबवू नका, एवढीच माझी विनंती आहे.